अनोळखी माणूस पाहिजे

माझी तक्रार अनोळखी माणसांबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपली गाडी परक्याला भाड्याने देण्याचा विषय निघाला की ऐकणारे जरा पुढे सरकून बसतात. परक्याने गाडी ठोकली असेल, पळवली असेल, निदान सीटवर काहीतरी सांडलं असेल, अशी त्यांची अपेक्षा असते. मला या व्यवहारात आजवर एकच परका माणूस लाभला. त्याने गाडी वेळेवर परत केली, टाकी भरून केली आणि पायाखालचे मॅट झटकून ठेवले होते. माझी तक्रार मलकापूरबद्दल आहे. इथे परका माणूस मिळत नाही.

तसं गाव काही आडबाजूला नाही. मुंबई-हावडा रेल्वे इथून जाते. सुरत-नागपूर महामार्ग जातो. तो पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न नंबरचा आहे, खड्डे नंबर पाहून पडत नाहीत. खानदेश संपून विदर्भ सुरू होतो तोही इथेच. रोज हजारो परके लोक मलकापुरातून जातात. पण जातात. जो थांबतो तो कोणाचा तरी जावई असतो.

गाडी वॅगन आर, पांढरी, पाटी एमएच २८. मी कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीच्या पैशांतून घेतली, तीही वापरलेली. महिन्यातून एकदा आम्ही दोघं शेगावला दर्शनाला जातो, ते पन्नासेक किलोमीटर, आणि मधे बॅटरी उतरू नये म्हणून मी तिला स्टेशनापर्यंत नेऊन आणतो. एरवी ती दारापुढच्या कडुनिंबाखाली उभी असते आणि तिच्यावर निंबोळ्या पडतात. मला यात काही चूक दिसत नव्हती.

चूक पुतण्याला दिसली. तो पुण्यात कंपनीत आहे आणि दिवाळीला आला की घरातल्या कोणत्या वस्तूतून उत्पन्न निघेल ते पाहून ठेवतो. मागच्या दिवाळीत गच्ची झाली. या दिवाळीत गाडीचा नंबर लागला. ‘‘काका, गाडी पंचाण्णव टक्के वेळ नुसती उभी असते,’’ तो म्हणाला. मला वाटलं आमच्या गाडीबद्दल बोलतोय, आणि हिशोबही साधारण बरोबर वाटला. पण तो जगातल्या सगळ्याच गाड्यांबद्दल बोलत होता. डोनाल्ड शूप नावाचे कॅलिफोर्नियातले एक प्राध्यापक होऊन गेले. गाड्या उभ्या करण्याच्या जागा या विषयावर त्यांनी हयात घालवली. हा आकडा त्यांच्या नावावर सांगतात. मी म्हटलं, निवृत्त झाल्यापासून मीही पंचाण्णव टक्के वेळ बसलेलाच असतो, मला कुठे लावतोस? त्यावर तो हसला नाही. त्याने मनात टिपून ठेवल्यासारखं केलं.

मग त्याने बॉस्टनची गोष्ट सांगितली. तिथला एक तरुण भाड्याची गाडी आणायला म्हणून बर्फातून सायकल मारत निघाला होता. वाटेत दोन्ही बाजूंना लोकांच्या गाड्या बर्फाखाली गप्प उभ्या. एवढ्या लांब कशाला जायचं, यातलीच एखादी का मिळू नये, असं त्याला वाटलं, आणि त्यातून २००९ मध्ये रिलेराइड्स नावाची कंपनी निघाली. तिचंच पुढे टुरो झालं. कंपनीची स्वतःची गाडी नाही. माणसाची गाडी माणसाला, मधे फक्त मोबाइल. याला पीअर-टू-पीअर म्हणतात.

मी ऐकून घेतलं. मलकापुरात हे, मधला मोबाइल वगळून, मी गाडी घरी आणली त्या दिवसापासून चालू आहे. बॉनेटवर स्वस्तिक काढून नारळ फोडला, त्याचं पाणी पुढच्या चाकापर्यंत पोहोचायच्या आत शेजारचे भाऊ म्हणाले होते, ‘‘बरं झालं सर. गल्लीत एक गाडी झाली.’’ बॉस्टनच्या पोराला त्यासाठी बर्फात सायकल चालवावी लागली. भाऊंना ओट्यावर बसल्या बसल्या सुचलं.

पुतण्याला मी तिथेच नाही म्हटलं असतं, पण मधे रंगनाथन आले. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त त्यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडले, आणि पहिलाच सिद्धान्त असा की ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. जपून ठेवण्यासाठी नव्हे. युरोपात एके काळी पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत, ती साखळी तोडणारा हा सिद्धान्त. तीस वर्षं दर जूनमध्ये मी तो नव्या पोरांपुढे बोललो आहे. पुस्तक कपाटात नवंकोरं राहिलं तर तो ग्रंथपालाचा पराभव आहे, असंही म्हणत असे, टाळ्या पडत. आता स्वतःची वस्तू निंबाखाली पंचाण्णव टक्के उभी ठेवून त्याच तोंडाने नाही कसं म्हणायचं? साखळीची पद्धत अगदीच टाकाऊ नव्हती, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे, पण ते वेगळं.

पुतण्याने त्याच रात्री मोबाइलवर माझं नाव घातलं, गाडीचं घातलं, आणि गाव विचारलं तिथे मलकापूर टाकलं. मोबाइलने विचारलं, कोणतं? कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीचं मलकापूर आहे, कराडला खेटून सातारा जिल्ह्यातलं मलकापूर आहे. ही दोन्ही त्याला ठाऊक होती. ज्या मलकापुरातून हावडा मेल जाते ते ठाऊक नव्हतं. बराच वेळ गोल गोल फिरून शेवटी त्याने कबूल केलं की असं एक गाव आहे, पण तिथे आमची सेवा नाही. पुतण्या म्हणाला, ‘‘तिथे मागणी नसेल, काका.’’

मागणी नाही! आमच्या गाडीच्या मागणीचं रजिस्टर माझ्याकडे आहे. कॉलेजातून निरोप घेताना एक कोरं देवघेव रजिस्टर माझ्या सामानात आलं होतं, तेच लावलं आहे. ‘ग्रंथनाम’ खोडून तिथे ‘कारण’ केलं आणि ‘दाखलांक’ खोडून ‘किलोमीटर’. तेवढंच. बाकी रकाने चालले.

गाडी मागण्याची आमच्याकडे एक रीत आहे. गाडी कोणी मागत नाही. येणारा गाडीलाच कोपर टेकून उभा राहतो आणि विचारतो, ‘‘सर, गाडी घरीच हाये न?’’ मी हो म्हणतो, कारण त्याच्या कोपराखाली ती असते. मग माझ्या गुडघ्याची चौकशी होते. पाऊस, कपाशी, बोंडअळी हे विषय येऊन जातात. चहा येतो. चहा संपल्यावर, कप खाली ठेवता ठेवता, ‘‘आज तुमचं कुठं जाणं नाही न?’’ नाही, असं मी म्हणतो. हे खरं असतं. मी कधीच कुठे जात नसतो. ‘‘मंग मी सांजेपर्यंत आणतोच वापस.’’ यात विनंती कुठे झाली ते मी पुष्कळदा शोधलं आहे. सापडत नाही. मी किल्ली देतो तेव्हा असं वाटतं की मीच आग्रह केला.

आणि सांज कोणती, हे बोलण्यात येत नाही. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर, अमरावती-अकोला पट्ट्यात, ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव नेलं. मला त्या विक्रमाचं कौतुक आहे. पण तेवढ्याच १०५ तासांत माझी गाडी एका साखरपुड्याहून परत येत होती, आणि तिची कुठे नोंद नाही. म्हणजे आहे, रजिस्टरात आहे. शेरा: ‘मुलाकडचे सोडेनात.’

टोलचा फास्टॅग माझ्या नावावर, त्यामुळे पैसे कापल्याचा मेसेज मला येतो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून मी घरबसल्या बराच प्रवास केला आहे. रजिस्टरातली मे महिन्यातली एक नोंद जशीच्या तशी देतो. ‘समोरचे काका. कारण: पाहुणे आणणे, नांदुरा. जाताना ६१,२४०. येताना ६१,४७८. शेरा: पाहुणे आले.’ नांदुरा इथून पूर्वेला, सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. काका सकाळी आठला निघाले आणि साडेनऊला मला नशिराबादच्या टोलनाक्याचा मेसेज आला. नशिराबाद पश्चिमेला, जळगावच्या जवळ. नांदुऱ्याचा हनुमान १०५ फुटांचा आहे (या १०५ आकड्याचं आमच्या भागाशी काही असावं), महामार्गावरून तो चुकवणं अवघड. काकांनी तो पाठमोरा होऊन चुकवला. संध्याकाळी मी नशिराबादचं विचारलं. काका म्हणाले, ‘‘पाहुणे तिकडंच होते.’’ यापुढे विचारायला काही उरत नाही.

पेट्रोलचा प्रश्न गणिताचा नाही, श्रद्धेचा आहे. ‘‘जेवढं होतं तेवढं टाकलं, सर.’’ काटा त्या वेळी लाल रेघेच्या अलीकडे टेकलेला असतो. गाडी उताराला उभी असली की काटा खाली दिसतो, असं मला सांगण्यात आलं आहे. मग मी ती चढाला तोंड करून उभी करू लागलो. आता चढाला खाली दिसतो.

भाड्याचं तर विचारूच नका; म्हणजे, तेच विचारतात. प्रत्येक जण विचारतो, एकही चुकत नाही. ‘‘सर, मंग किती द्यायचे?’’ असं म्हणत तो हात खिशात घालतो, थेट मनगटापर्यंत. हात तिथे थांबतो. मी ‘‘राहू दे रे’’ म्हणेपर्यंत तो तिथेच असतो. एकदा प्रयोग म्हणून मी काहीच बोललो नाही. आम्ही दोघं उभे राहिलो. समोरून एक म्हैस गेली. शेवटी त्याचा हात बाहेर आला, त्यात मोबाइल होता. त्याने किती वाजले ते पाहिलं आणि म्हणाला, ‘‘घरचीच गाडी हाये, तुम्हाला पैसे देऊन आम्ही काय तुमचा अपमान करावा?’’ कॉलेजात पुस्तक उशिरा आलं तर मी दिवसाला पन्नास पैसे दंड घेत असे. खुद्द प्राचार्यांकडून घेतला आहे. ते नाणं पुढे बाजारात चालेनासं झालं तरी मी घेत होतो. पण पुस्तक सरकारी होतं. घरचं नव्हतं.

मोठं नुकसान कोणी केलेलं नाही, हे न्यायाने सांगायला हवं. कोणी ठोकली नाही, कोणी उलटवली नाही. तसं काही झालं असतं तर निदान सगळ्यांनी मिळून हळहळ केली असती आणि मला दोन दिवस महत्त्व आलं असतं. होतं ते असं, की मी सकाळी गाडीत बसतो आणि माझा पाय क्लचला पोहोचत नाही. मधल्या आरशात मला छत दिसतं. चालू केली की पेन ड्राइव्हमधून वरातीतलं गाणं पूर्ण आवाजात सुरू होतं, आणि कडुनिंबावरचे पक्षी उडतात. पुस्तकांत लोक काय काय विसरतात ते मी पाहिलं आहे, एसटीची तिकिटं, मोरपीस, एकदा एक पत्र, जे मी न वाचता (पहिल्या दोन ओळी सोडून) जाळलं. गाडीत मला मिळालेलं: लहान मुलाची एका पायाची चप्पल, अर्धा नारळ, कोणा तिसऱ्याच माणसाच्या लग्नाच्या अकरा पत्रिका आणि डिक्कीत सरकीच्या ढेपेचा चुरा. हा चुरा मी लक्षात ठेवायला सांगतो, पुढे कायद्यात येणार आहे.

आणि अक्षता. आमच्या भागात लग्नसराईला गाडी लागतेच, नवरदेव नाही तर नवरदेवाचे मामा तरी तीतून जातात. अक्षतांची मूठ खुशाल गाडीतच सोडतात. सीटवरच्या अक्षता वेचता येतात. पण काही दाणे एसीच्या जाळीतून आत गेले आहेत, ते निघत नाहीत. मेकॅनिक म्हणाला डॅशबोर्ड उघडावा लागेल. मी नको म्हटलं. त्यामुळे आता उन्हाळ्यात आम्ही शेगावला निघालो आणि मी एसी लावला की समोरून तीन-चार पिवळे दाणे उडून आमच्या दोघांवर पडतात. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. बायको पदर सावरून बसते. आम्ही त्यावर बोलत नाही.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, ‘‘काका, म्हणून तर परके लोक बरे. मी महिनाभर पुण्याला नेतो. तिथे सेवा आहे.’’ गाडी गेली.

तो महिना शांततेत जाईल अशी माझी समजूत होती. लोक येतच राहिले. निंबाखालची मोकळी जागा बघून थबकायचे, चप्पल काढायची की नाही अशा विचारात पडायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, ‘‘सर, गाडी दिसत नाही?’’ पुण्याला आहे, असं मी म्हणालो की ‘‘काय झालं होतं?’’ असं विचारायचे. शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे डबा पाठवला.

पुण्यात पुतण्याने गाडीचे आठ बाजूंनी फोटो काढले. आमच्या लग्नात एवढे निघाले नव्हते. मग एका शनिवारी तो परका माणूस आला. त्याने परवाना दाखवला, गाडीचा प्रत्येक ओरखडा फोटोंशी ताडून पाहिला, किलोमीटर पाहिले आणि पेट्रोलचा काटा पाहिला. काटा पाहिला! हे पुतण्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं. रविवारी संध्याकाळी सातला परत द्यायची होती. पावणेसातला दिली. तो कोण होता, कुठे गेला, कोणाच्या लग्नाला गेला, मला काहीही कळलं नाही. माझ्या गुडघ्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. रजिस्टरात ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं हा प्रश्न पडला. तो मी कोरा ठेवला आहे. असा आदर्श वाचक मला तीस वर्षांत मिळाला नव्हता.

त्याने गाडीला पाचपैकी चार तारे दिले. एक का कापला, त्याचं कारण खाली लिहिलं होतं: ‘गाडी चांगली आहे, पण उदबत्तीचा वास येतो आणि एसीतून तांदूळ येतात.’

म्हणजे मलकापूरकरांनी केलेल्या वापराचा दंड मला पुण्यात बसला. तरी मी रागावलो नाही. तक्रार अचूक होती. भाडं म्हणून जे ठरलं होतं त्यातून मधल्यांचा वाटा गेला, धुलाई गेली आणि पुतण्याने ‘धावपळ’ म्हणून काही धरलं. हातात आले ते बाराशे रुपये. गाडीने मला मिळवून दिलेलं पहिलं उत्पन्न. मी ते बायकोकडे दिले, तिने ते देवापुढे ठेवले.

तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण मला पुस्तक पहिल्या पानापासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचायची खोड आहे, आणि त्या रात्री हाताशी वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी गाडीच्या विम्याची पॉलिसी वाचली. ती आजवर कोणी वाचली नसावी. त्यात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. खासगी गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन देता येत नाही. दिली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. मालवाहतूकही चालत नाही, नमुने आणि अंगाबरोबरचं सामान तेवढं चालतं. ढेपेचा चुरा मी इथे आठवला. सहा पोती ढेप नमुना म्हणून खपेल काय? म्हैस मोठी असेल तर खपावी.

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे घरची गाडी, पिवळीवर काळी म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याची. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की समजावं, ही गाडी भाडेकरू स्वतः चालवतो आहे. गोव्याला जाऊन आलेल्यांनी ती पाहिली असेल. तसा परवाना मला का मिळू नये, म्हणून तेही पाहिलं. मोटार वाहन कायद्याखाली १९८९ सालची एक केंद्रीय योजना आहे. तीत अर्जदाराकडे किमान पन्नास गाड्या असाव्या लागतात. माझ्या एकोणपन्नास कमी पडतात. विनापरवाना भाड्याने दिली तर दहा हजारांचा दंड आणि वर कैदही होऊ शकते. हे कोडं एकट्या मलकापूरचं नाही. त्या बॉस्टनवाल्या कंपनीला २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून विम्याच्याच भानगडीपायी काम थांबवावं लागलं होतं. ते वाचून बरं वाटलं. पण न्यूयॉर्कवाल्यांच्या एसीतून तांदूळ येत नसणार.

वाचता वाचता रात्र झाली. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली तर पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि बारा महिने नोंदणी रद्द. (भाऊंचा धाकटा गाडी ‘फक्त वळवून’ ठेवतो, तो यंदा बारावीला आहे.) आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण झालं. गाडी हातोहात तीन-चार जणांना विकली गेलेली, पण कागदावर नाव पहिल्याचंच. अपघाताची भरपाई न्यायालयाने ज्याचं नाव नोंदणीत आहे त्याच्यावर टाकली. विकलेल्या गाडीची ही कथा. मी तर नुसती किल्ली दिलेली.

थोडक्यात कायदा असा निघाला, की भाऊंना फुकट गाडी देणं पूर्ण कायदेशीर आहे, आणि टाकी भरून, मॅट झटकून, पावणेसातला परत आणणाऱ्या परक्याकडून बाराशे रुपये घेणं बेकायदा आहे. मी पुतण्याला फोन करून गाडी परत आणायला सांगितलं, आणि ठरवलं की ही गोष्ट गल्लीत कोणाला कळू द्यायची नाही.

गाडी आली. निंबाखाली उभी राहिली. अर्ध्या तासात भाऊ कोपर टेकून उभे होते. गुडघा झाला, कपाशी झाली, चहा झाला. किल्ली घेताना त्यांनी नेहमीप्रमाणे हात खिशात घातला, पण या वेळी मधेच काढून घेतला. ‘‘सर, तुम्हाला आता मी पैशाचं विचारणारच नाही,’’ भाऊ म्हणाले. ‘‘काहून का, पैसे घेतले तर तुमचाच विमा जाते. माझ्या साडूनं सांगितलं. उगाच तुम्हाला कायले अडचणीत आणायचं?’’ त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी खरोखरच काळजी होती.

आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. खिशात हात कोणीच घालत नाही.

परवा बायकोचे डोळे दाखवायला बुलडाण्याला जायचं होतं. मी किल्ली शोधली, मग रजिस्टर काढलं. किल्ली बाहेर होती: ‘कारण: थोडं काम.’ आम्ही एसटीने निघालो. माझं ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, तिचं महिला म्हणून अर्धं, दोघं मिळून एक माणूस. मोताळा गेलं. राजूर घाटात बसने चढ धरला आणि वेग पायी चालणाऱ्याएवढा झाला, तेव्हा मागून हॉर्न देत एक पांढरी वॅगन आर पुढे निघाली. एमएच २८. काचा बंद होत्या, एसी चालू असणार. आतल्या कोणीतरी आमच्या बसकडे बघून हात हलवला. मीही हलवला.

शेजारच्या सीटवरचा माणूस खिडकीतून वाकून बघत होता. मी त्याला पूर्वी कधीही पाहिलेलं नव्हतं. पायांशी पिशवी, हातात कोर्टाच्या कामाची वाटावी अशी फाइल, बोलणंही आमच्याकडचं नव्हतं. आपल्या भागात परका माणूस अखेर आला म्हणायचा, असं वाटून मी जरा सरकून त्याला नीट जागा करून दिली.

‘‘ओळखीची गाडी वाटतं?’’ त्याने विचारलं.

‘‘माझीच आहे.’’

‘‘असं?’’ गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. ‘‘आणि तुमचा गुडघा दुखतो वाटतं? चढताना बघितलं मी. थंडीत जास्त होत असेल ना?’’